ड्रमहेलरला आई-बाबा आणि पोरांना घेऊन जाताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या कॅलगरीत मे महिना लागला की भारतातून आई-बाबांची विमानं उतरायला लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत रॉकीज पर्वतातलं बॅन्फ आणि लेक लुईस उरकतं आणि मग फोन येतो, "आता यांना कुठे नेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: डायनोसॉर आणि पट्ट्यापट्ट्यांच्या दऱ्यांचं गाव, ड्रमहेलर. त्यावर येणारे प्रश्नही इतक्या वर्षांत ठरून गेलेत, म्हणून एकदाचे लिहून ठेवते.

ड्रमहेलर आहे कुठे? एका दिवसात होतं का?

कॅलगरीपासून ईशान्येला साधारण १३५ किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. हायवे २ ने उत्तरेला, तिथून ७२ धरायचा, तोच पुढे ९ होतो. गाव लहान आहे, वस्ती आठ हजारांच्या आसपास. एका दिवसात जाऊन येता येतं, पण एका दिवसात सगळं बघून होत नाही, हे निघायच्या आधी घरातल्या उत्साही माणसाला सांगून ठेवा. एडमंटनहून येत असाल तर एका बाजूचे तीन तास धरा आणि एक रात्र राहा.

स्वतःची गाडी हवीच. बघण्याच्या जागा गावात कमी आणि नदीकाठाने वीस-पंचवीस किलोमीटर पसरलेल्या जास्त. वाटेत बायसेकर गावात स्कंकचा, म्हणजे त्या वास मारणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्राण्याचा, भलामोठा पुतळा आहे. मागच्या सीटवर भांडणं सुरू होण्याची वेळ बरोबर तीच असते, तेव्हा तिथे थांबा.

तासभर झाला, दोन्ही बाजूंना सपाट शेतंच दिसतायत. रस्ता चुकलो का?

नाही. हा प्रश्न मला एकांनी चालू गाडीतून फोन करून विचारलेला आहे.

आपल्याला दरी बघायची तर आधी घाट चढायची सवय. इथे चढ येतच नाही. जुलैत पिवळ्याधमक कनोलाची, म्हणजे मोहरीच्या जातीतल्या पिकाची, शेतं, धान्याची कोठारं, आभाळ, पुन्हा कनोला. गावाच्या साधारण १७ किलोमीटर अलीकडे डाव्या हाताला हॉर्सशू कॅन्यनची पाटी येते. गाडी लावता तरी समोर काही दिसत नाही. पन्नासेक पावलं चाललात की जमीन संपते आणि पायाखाली करड्या, तपकिरी, काळ्या पट्ट्यांची दरी उघडते. माझे सासरे पहिल्यांदा तिथे उभे राहिले तेव्हा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे वरून कळतच नाही की!"

हिमयुग सरताना, सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी, वितळत्या बर्फाच्या पाण्याने हे सपाट माळरान कापून काढलं. रेड डियर नदीचं आजचं पात्र त्याच कापलेल्या दरीत आहे. म्हणून गाव वरून दिसत नाही, ते खाली तळाशी बसलंय.

ते पट्टे कशाचे आहेत?

मुलं हे हमखास विचारतात, त्यामुळे तयारी करून जा. साधारण सात कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्राचा किनारा होता. दलदल, नद्यांची मुखं, दाट झाडी, उबदार हवा. नदीने आणलेली वाळू आणि गाळ म्हणजे फिक्या आणि तपकिरी पट्ट्या, दलदलीत कुजून दबलेली झाडं म्हणजे काळी पट्टी. ती काळी पट्टी कोळशाची, आणि गाव वसलं ते तिच्यामुळे. डायनोसॉरमुळे नाही.

मधेमधे एक पांढुरकी-राखाडी माती दिसते, तिला बेंटोनाइट म्हणतात. मूळची ती ज्वालामुखीची राख. कोरडी असताना तिचा पृष्ठभाग लाहीसारखा फुललेला, भेगाळलेला असतो. पाय ठेवला की कुरकुरतो. ओली असताना काय होतं ते पुढे सांगते.

दिवसाची आखणी कशी करावी?

बहुतेक लोक अकराला पोचतात, थेट रॉयल टिरेल या डायनोसॉर म्युझियममध्ये शिरतात, तीनला बाहेर पडतात आणि भर उन्हात हूडू, म्हणजे दगडी टोपीचे खांब, बघायला जातात. पोरं रडवेली, आजी गाडीतच बसून. मग परत येऊन सांगतात की ड्रमहेलर काही खास नाही.

उलटं करा. घरून सातला निघा, साडेआठला हॉर्सशू कॅन्यन. तेव्हा ऊन तिरपं असतं, सावल्या लांब, आणि पट्टे खरे खुलतात ते तेव्हाच. खाली उतरायला पायऱ्या आहेत. दहानंतर गावात एक फेरी मारा, चौकाचौकांत रंगीबेरंगी डायनोसॉर उभे आहेत, लहानग्यांना तेवढंच पुरतं. बारा ते चार, पारा तिशीच्या वर असताना, एसीतलं म्युझियम. चारला नदीकाठी झाडाखाली चहा. आणि संध्याकाळी फेरीबोट किंवा हूडू, दोन्हीपैकी एक. जूनअखेरीला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे "संध्याकाळ" म्हणजे भरपूर वेळ आहे.

लाँग वीकेंड शक्यतो टाळा. मधला वार मिळाला तर सोनं.

रॉयल टिरेल म्युझियमला किती वेळ ठेवावा?

तीन तास. हट्टी डायनोसॉरप्रेमी घरात असेल तर चार. गावापासून सहा किलोमीटरवर, मिडलँड प्रोव्हिन्शियल पार्कच्या आत आहे. १९८५ मध्ये उघडलं. नाव जोसेफ बर टिरेल या भूवैज्ञानिकाचं. १८८४ मध्ये कोळशाचे थर शोधत फिरताना त्याला इथे एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी मिळाली. १९०५ मध्ये, म्हणजे अल्बर्टा प्रांत झाला त्याच वर्षी, त्या प्राण्याचं बारसं झालं: अल्बर्टोसॉरस.

टी. रेक्सपुढे गर्दी असते ती असू द्या. तुम्ही बोरिआलोपेल्टा हा चिलखती डायनोसॉर शोधा. २०११ मध्ये फोर्ट मॅकमरीजवळच्या तेलवाळूच्या खाणीत खोदयंत्राच्या बकेटला तो लागला. वय सुमारे ११ कोटी वर्षं. हाडांचा सांगाडा नव्हे, तर चिलखतासारखी खवल्यांची पाठ, मान, डोकं, सगळं जागच्या जागी. झोपलेला वाटतो. दगडातून तो मोकळा करायला मार्क मिचेल या तंत्रज्ञाला सुमारे ७ हजार तास लागले, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात मिचेलचं नाव आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना काचेला नाक लावून हळूच म्हणाली, "आई, बोलू नकोस, उठेल."

उन्हाळ्यात तिकीट ऑनलाइन काढून जा. हिवाळ्यात सोमवारी बंद असतं. बाहेर सुमारे दीड किलोमीटरची एक पायवाट आहे, तिला तिकीट लागत नाही.

हूडू म्हणजे काय? एवढं लांब जाण्यासारखं आहे का?

गावापासून आग्नेयेला हायवे १० वर साधारण १६ किलोमीटर. हूडू म्हणजे वाळूच्या दगडाचे खांब, डोक्यावर कठीण दगडाची चपटी टोपी. डोक्यावर पाटी घेऊन बायका ओळीने उभ्या असाव्यात तसे दिसतात. वरचा दगड छत्रीसारखा पाऊस अडवतो, म्हणून खालचा मऊ खांब टिकतो. आजूबाजूची माती वाहून जाते. टोपी पडली की खांबाचे दिवस भरले.

खरं सांगायचं तर जागा लहान आहे. फोटोत बघून मोठ्या अपेक्षेने गेलात तर "एवढेच?" असं वाटेल. पण जिना चढून वर गेलात, पंधरा मिनिटं नुसते बसलात आणि ऊन उतरताना त्या खांबांचा रंग मधासारखा होताना पाहिलात, तर गेल्याचं चीज होतं. खांबांवर चढू नका, मुलांना त्यांना टेकून उभंही राहू देऊ नका. हाताने खरवडलं तरी वाळू निघते.

पाऊस आला तर?

दरीत उतरू नका, उतरला असाल तर आधी वर या. आमच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. रात्री सर पडून गेलेली, सकाळी लख्ख ऊन, म्हटलं माती वाळली असेल. वरून वाळली होतीही. हॉर्सशू कॅन्यनच्या तळाशी मी एका राखाडी उतारावर पाय ठेवला आणि साबणाच्या वडीवर उभी राहिल्यासारखी दोन्ही पायांनी घसरत खाली. नवरा मुलाला खांद्यावरून उतरवून मला धरायला आला, तोही बसला. मुलगा तेवढा उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. पांढऱ्या बुटांवर बोटभर जाडीचा लेप, आणि प्रत्येक पावलाला तो वाढतच होता.

हेच ते बेंटोनाइट. ते पाणी शोषून फुगतं आणि लोण्यासारखं होतं. पावसानंतर निदान एक कोरडा दिवस जाऊ द्या. क्रॉक्स आणि कोल्हापुरी घरी ठेवा, खाचांच्या तळव्याचे जुने बूट घाला.

आईचे गुडघे दुखतात. तिला गाडीतच बसावं लागेल का?

अजिबात नाही. उलट ज्येष्ठांसाठी रॉकीजपेक्षा हीच सहल सोयीची. हॉर्सशू कॅन्यन वरच्या कडेवरून पूर्ण दिसतो, उतरायची गरज नाही. म्युझियममध्ये व्हीलचेअर मिळते. डायनोसॉर ट्रेल हा तर गाडीतूनच करायचा ४८ किलोमीटरचा फेरा, नदीच्या एका काठाने जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. वाटेत हॉर्सथीफ कॅन्यन लागतो. तिथे बाकं, दुकान, कठडा यांची अपेक्षा नको, पण गाडीपासून कडा जवळ आहे. पोरांचा हात मात्र सोडू नका.

याच वाटेवर एक इवलंसं चर्च आहे. आधीचं चर्च १९९१ मध्ये इथल्या तुरुंगातल्या कैद्यांनी नव्याने उभं केलं. आत एकेका माणसाची सहा आसनं. गावकरी म्हणतात, दहा हजार माणसं मावतात, पण एका वेळी सहाच! सासूबाई आत जाऊन डोळे मिटून पाच मिनिटं बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "आपल्या देवघराएवढंच आहे, बरं वाटलं."

फेरीबोटीला तिकीट आहे का? रांग किती?

तिकीट नाही, सरकारी सेवा आहे. वसंतात नदी मोकळी झाली की सुरू होते, थंडीच्या तोंडाशी बंद. ब्लेरिओ फेरी असं नाव. १९१३ मध्ये ती सुरू करणारा आंद्रे ब्लेरिओ हा लुई ब्लेरिओचा भाऊ, म्हणजे १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या त्या वैमानिकाचा. एका भावाने खाडी ओलांडली, दुसऱ्याने नदी.

बोट तारेला धरून चालते. गाडी वर चढवायची, इंजिन बंद करायचं. मग पाण्याचा आवाज, तारेची कुरकुर, आणि चहाच्या रंगाची नदी संथ सरकताना. काही मिनिटांत पलीकडे. अख्ख्या दिवसातलं हे सगळ्यात स्वस्त आणि आमच्या घरी सगळ्यात लाडकं काम. उन्हाळी रविवारी थोडं थांबावं लागतं, तेव्हा लाडवाचा डबा हाताशी ठेवा.

त्या मोठ्या डायनोसॉरच्या तोंडात जाता येतं म्हणे?

येतं. २००० मध्ये उभारलेला २६ मीटर उंचीचा टी. रेक्स आहे, त्याला 'टायरा' म्हणतात. आत १०६ पायऱ्या, लिफ्ट नाही. वर जबड्यात आठ-दहा माणसं उभी राहतात आणि दातांमधून गाव दिसतं. बघायला आहे थोडं हास्यास्पद, पण चौथीतल्या मुलाला तुम्ही हे चुकवलंत तर तो मोठेपणीही बोलून दाखवेल.

हाड किंवा जीवाश्म सापडला तर घरी आणता येतो का?

नाही, आणि हे गंमतीत घेऊ नका. अल्बर्टात जीवाश्म प्रांताच्या मालकीचे आहेत. प्रोव्हिन्शियल पार्कमधून काहीही उचलायचं नाही. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, वर उघडं पडलेलं उचलता येतं. पण तुम्ही फक्त राखणदार, मालक नाही, आणि परवानगीशिवाय ते प्रांताबाहेर नेता येत नाही. खणायला तर परवाना लागतोच. दंड ५० हजार डॉलरपर्यंत आहे, कैदही होऊ शकते. म्हणजे पुण्याच्या बॅगेत आजोबांनी हळूच एक दगड टाकला, असं चालणार नाही.

सापडलं तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, म्युझियमला कळवा. हाड की दगड हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे जीभ लावणं: हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून ते जिभेला चिकटतं. ही युक्ती मुलांना सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याने दिवसभर अख्खा डोंगर चाटला असता.

आजोबा विचारतात, "आपल्याकडे होते का रे डायनोसॉर?"

होते! जबलपूरला १८२८ मध्येच हाडं मिळाली होती, टिरेलच्या कवटीच्या कितीतरी आधी. गुजरातेतल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरसचं नाव ठेवलं गेलं. आणि विदर्भकर मंडळींनी तर मान ताठ करावी: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातलं दगड झालेलं शेण मिळतं. त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, तोवर त्या काळी गवत होतं असं कोणी धरून चालत नव्हतं.

ड्रमहेलरचे हे थर बसल्यानंतर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनमध्ये लाव्हा पसरत होता. राजगड-तोरण्याचा काळा कातळ तो हाच. डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास. मुख्य दोष उल्कापाताकडे जातो, पण दख्खनच्या ज्वालामुखींनीही हातभार लावला का, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. सासऱ्यांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपला सह्याद्री पण संशयित आहे तर."

ड्रमहेलरची ही दरी ब्लॅकफूट या इथल्या मूळनिवासी लोकांच्या मुलखातली. त्यांच्यातले पीगानी डायनोसॉरच्या या प्रचंड हाडांना बायसनच्या, म्हणजे इथल्या गव्याच्या, आजोबाची हाडं म्हणत. आमच्या आजोबांना हे नाव फार पसंत पडलं.

शाकाहारी जेवण मिळतं का?

पिझ्झा, फ्राइज, सबवे छापाचं मिळतं. पण ही डब्याची सहल आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी, आणि कुलरमध्ये ताक. मिडलँड पार्कातच मॅकमुलन आयलंड नावाची नदीकाठची जागा आहे, कॉटनवूडची मोठाली झाडं, टेबलं, सावली. जूनमध्ये त्या झाडांचा कापूस उडून पुरीवर बसतो, तेवढं सांभाळा. डासांचा स्प्रे न्या. पाणी माणशी दोन लिटर, हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही.

नदी संथ दिसते, पण ओढ असते. लाइफ जॅकेटशिवाय मुलांना पाण्यात सोडू नका.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर?

ईस्ट कूलीला अॅटलस कोळसा खाण बघा. १९११ ते १९७९ या काळात या खोऱ्यात १३९ खाणींची नोंद झाली. आज बघण्यासारखी उरली ती ही. कोळसा चाळून रेल्वेच्या वाघिणीत भरणारी लाकडी इमारत, तिला टिपल म्हणतात, कॅनडात उभी असलेली अशी ही शेवटची. आत जुन्या लाकडाचा आणि कोळशाच्या भुकटीचा वास अजून आहे. वरचा भाग चढणीचा, काळोखाला घाबरणाऱ्या लहानग्यांना खालीच रमवा. उन्हाळी मोसमातच उघडी असते.

तिथून परतताना वेन या गावाचा फाटा लागतो, तो अकरा पुलांचा रस्ता म्हणून ओळखला जातो. रोजबड नदी वळणं घेत सारखी आडवी येते. मुलांना पूल मोजायला लावा. आमच्या गाडीत आकडा दर वेळी वेगळा येतो.

डायनोसॉर प्रोव्हिन्शियल पार्क म्हणजे हेच ना?

नाही! हा गोंधळ दर वर्षी एक तरी कुटुंब घालतं. १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं ते पार्क ब्रुक्सजवळ आहे, ड्रमहेलरपासून आणखी पावणेदोन-दोन तास. जीपीएसवर नुसतं 'डायनोसॉर' टाकू नका. ती जागा अप्रतिम आहे, पण तिच्यासाठी वेगळी सहल काढा. तिथे रॅटलस्नेकही आहेत, त्यामुळे दगडाखाली हात घालायचा नाही, हा नियम पोरांना दोन्हीकडे लावा.

हिवाळ्यात जाण्यात अर्थ आहे का?

म्युझियमसाठी, हो, गर्दी नसते. हूडूंच्या टोप्यांवर बर्फ बसलेलं असतं, ते सुंदर दिसतं. फेरी बंद, खाण बंद, साडेचारला अंधार.

गाडीच्या मॅटवर तो राखाडी चिखल बसलाय, निघत कसा नाही?

पाणी मारलंत ना? तिथेच चुकलं. पाण्याने तो आणखी फुगतो आणि धाग्यांत शिरतो. मॅट उन्हात पूर्ण वाळू द्या, दोन दिवस लागले तरी. मग उलटी करून आपटा, कोरड्या ब्रशने झाडा, आणि शेवटी व्हॅक्युम. बुटांचंही तसंच. माझे ते पांढरे बूट अजून गराजमध्ये आहेत, राखाडी झालेत, आता ड्रमहेलरलाच घालते.